सोंग कुणी शिवलं?

मैत्रिणींनो, दुपारची भांडी उरकून कुणी शेंगा फोडत बसली असाल, कुणी शिलाई मशीनवर. हातातलं काम थांबवू नका. आजची गोष्ट शिवणकामाचीच आहे, फक्त ती जरा लांबून, समुद्रापलीकडून सुरू होते.

पण आधी घरातलं सांगते. माझी लेक नववीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गटाच्या बैठकीवरून घरी आले, तर पडवीत हा पसारा! जुन्या गादीतला फोम कापून ठेवलेला, पुठ्ठ्याची खोकी फाडलेली, आणि माझ्या ट्रंकेतल्या हिरव्या खणाला मधोमध कात्री लावलेली. म्हटलं, "हे काय मांडलंयस?" ती म्हणाली, "आई, कॉस्प्ले करतेय." जपानी कार्टूनमधली कुणी लढवय्यी मुलगी तिनं मोबाईलवर बघितली होती. तिचं चिलखत आणि झगा शिवायला घेतला होता. मला म्हणाली, "आई, ही बाही काखेत ओढतेय, बघ ना जरा."

मी बाहीकडं बघितलंच नाही. खणाकडं बघितलं आणि तोंड सोडलं. तिचे वडील म्हणाले, "दहावी तोंडावर आलीय आणि ही सोंगं कसली!" रात्री तिनं सगळं एका पोत्यात भरून माळ्यावर टाकलं. पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

मैत्रिणींनो, मी वीस वर्षं ब्लाउज शिवते. बाही काखेत का ओढते ते मला अंधारातसुद्धा हातानं कळतं. गावातल्या कुणाच्याही पोरीनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझ्याच लेकीनं विचारलं तेव्हा मात्र सांगितलं नाही. हे मनाला टोचत राहिलं. म्हणून मग हा कॉस्प्ले म्हणजे आहे तरी काय आणि आला कुठून, हे मी विचारून, वाचून काढलं. जे सापडलं ते तुम्हाला सांगते.

कॉस्प्ले म्हणजे गोष्टीतल्या, सिनेमातल्या किंवा चित्रकथेतल्या एखाद्या पात्राचा पोशाख करायचा, तो अंगावर घालायचा आणि थोडा वेळ त्या पात्रासारखं वागायचं. बाजारातून आयता पोशाख आणणारेही असतात. पण जुने जाणते त्यालाच जास्त मान देतात, ज्यानं पोशाख स्वतः केलाय.

वेश बदलून मौज करणं जगात सगळीकडं जुनंच आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत श्रीमंतांच्या घरी वेशांतराच्या मेजवान्या होत. न्यूयॉर्कमध्ये १८८३ साली व्हँडरबिल्ट नावाच्या धनाढ्य घराण्यानं अशी एक मेजवानी दिली. त्या घराण्यातली ॲलिस व्हँडरबिल्ट तिथं चक्क 'विजेचा दिवा' बनून आली होती. घराघरात वीज पोचलेली नव्हती तो काळ, आणि हिच्या हातात बॅटरीवर पेटणारी मशाल! तो झगा आजही न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात जपून ठेवलाय. शिवला होता पॅरिसच्या वर्थ या नामांकित शिंप्याच्या पेढीनं. घालणारीचं नाव राहिलं, पेढीचं नाव राहिलं. त्या पेढीत मान मोडून सोनेरी-रुपेरी टाके घालणाऱ्या कारागीर बायकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

पुढं वर्तमानपत्रं स्वस्त झाली, त्यात चित्रकथा येऊ लागल्या, आणि हा खेळ साध्या माणसांच्या हाती आला. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत मिस्टर स्कायगॅक नावाचं एक पात्र यायचं. मंगळावरून आलेला हा पाहुणा पृथ्वीवरच्या माणसांचं वागणं टिपून घ्यायचा आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थ उलटाच लावायचा. लोकांना तो फार आवडला. १९०८ साली सिनसिनाटी शहरात चाकाचे बूट घालून घसरायच्या मैदानावर वेशभूषेचा कार्यक्रम होता. तिथं एक नवरा-बायको आले. नवरा झाला होता मिस्टर स्कायगॅक आणि बायको दुसऱ्या एका चित्रकथेतली बाई. राजा-राणी नाही, देव-देवता नाही. रोज सकाळी पेपरात भेटणारं आवडतं पात्र! आजच्या कॉस्प्लेचं हे पहिलंवहिलं रोप म्हणायला हरकत नाही.

आता येऊ खऱ्या गोष्टीकडं.

१९३९ सालचा जुलै महिना. न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. साधारण दोनशे माणसं जमली होती, सगळी नेहमीच्या शहरी कपड्यांत. त्यात दोघंच वेगळी होती. एक बावीस वर्षांचा तरुण, फॉरेस्ट अकरमन. दुसरी पस्तिशीची बाई, मर्टल डग्लस. दोघं लॉस एंजेलिसहून, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून आली होती. अंगावर पुढच्या शतकातल्या माणसांचे कपडे. तीन वर्षांपूर्वी आलेल्या एका इंग्रजी सिनेमात भविष्यातले लोक जसे दाखवले होते, त्या धर्तीवर केलेले. लोक बघतच राहिले.

पुढं कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगताना अकरमनचंच नाव घेतलं जायचं. पहिला पोशाख घालणारा तो, या छंदाचा जनक तो. पण मैत्रिणींनो, आपण शिवणाऱ्या बायका आहोत. आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की ते कपडे शिवले कुणी?

दोन्ही पोशाख मर्टलनं शिवले होते. बेतही तिचाच आणि टाकेही तिचेच. अकरमननं हे कधी लपवलं नाही, तो स्वतःच सांगायचा. पण ऐकणाऱ्यांच्या डोक्यात घालणारा राहिला आणि शिवणारी पुसट झाली.

ही मर्टल नुसती शिवणारी नव्हती बरं का. जगातल्या सगळ्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एस्पेरांतो नावाची एक भाषा मुद्दाम तयार केली गेली होती. ती भाषा मर्टलला येत होती, आणि त्या भाषेतल्या अक्षरांवरून तिनं स्वतःचं टोपणनाव घेतलं होतं, मोरोजो. अकरमनच्या बरोबरीनं ती वाचकांची एक छोटी पत्रिका चालवायची. ज्या मंडळीत तेव्हा बहुतेक पुरुषच होते, तिथं ही बाई लिहीत होती, छापत होती, वाद घालत होती. १९६४ साली ती वारली. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी या छंदाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिचं नाव पुन्हा वर आणलं. आज जाणकार लोक म्हणतात, या छंदाला बाप असेल तर त्याला आईही आहे.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम झाला. १९४१ साली डेन्व्हरच्या संमेलनात मोरोजो बेडकाचं तोंड लावून आली. एका कादंबरीतल्या बेडूकमाणसांपैकी एक. तो मुखवटा तिच्यासाठी रे हॅरीहाउसेन नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं केला होता.

या पोराचं घर मला फार आवडलं, म्हणून थोडं सांगते. रे शाळेत असताना त्यानं सिनेमात मोठा गोरिला, किंग काँग, बघितला आणि तो वेडाच झाला. घरात राक्षसांच्या नि प्राण्यांच्या बाहुल्या करायला लागला. शेजारपाजारच्यांना काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा. पण त्याचे वडील यंत्रावर धातूकाम करणारे होते. बाहुल्यांचे हातपाय वळावेत म्हणून आतले लोखंडी सांगाडे ते पोराला करून देऊ लागले. पुढं त्यानं परीकथांच्या छोट्या फिल्मा केल्या, तेव्हा त्या बाहुल्यांचे चिमुकले कपडे आईनं शिवले. हाच रे मोठेपणी सिनेमातल्या राक्षसांचा जगातला नावाजलेला कारागीर झाला. १९६३ सालच्या त्याच्या एका सिनेमात सात सांगाडे तलवारी घेऊन लढतात. ते दृश्य आजही सिनेमा शिकणाऱ्यांना दाखवतात. वडील म्हातारे होईपर्यंत लेकाला सांगाडे करून देत होते.

प्रत्येक पोर रे होत नाही, हे मलाही कळतं. पण त्या आईबापांना तरी कुठं माहीत होतं, की याचं पुढं एवढं नाव होणार आहे? त्यांनी आपल्याला येत होतं ते काम तेवढं पोराच्या शेजारी बसून केलं.

आता जपानला जाऊ, कारण 'कॉस्प्ले' हा शब्द तिकडचा.

१९७५ सालच्या डिसेंबरात टोकियोमध्ये चित्रकथा वाचणाऱ्यांचा एक छोटा बाजार भरला. ज्यांना चित्रकथा काढायची हौस आहे त्यांनी स्वतः काढायची, स्वतः छापायची आणि तिथं मांडून विकायची. आपण बचत गटाच्या विक्रीला पापड-लोणची मांडतो तसंच. पहिल्या वेळी बत्तीस गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं आली. त्यात बहुतेक कोण, माहीत आहे? शाळकरी मुली! आज त्याच बाजाराला लाखांनी माणसं येतात. पहिल्या काही वर्षांतच तिथं मुलं-मुली आवडत्या पात्रांचे पोशाख करून यायला लागली.

मुलींना हे जमलं, त्यालाही कारण आहे. युद्धानंतरच्या जपानमध्ये शिलाई मशीन घरोघर पोचलं होतं आणि मुलींना शाळेत शिवण शिकवलं जायचं. ते शिकवणं होतं चांगली गृहिणी व्हावी म्हणून. मुलींनी त्याच सुईदोऱ्यानं तलवारबाज, अंतराळवीर आणि राजपुत्र शिवले!

राजपुत्रावरून एक सांगते. आपल्याकडं संगीत नाटकात बालगंधर्वांसारखे पुरुष स्त्रीभूमिका करायचे. जपानमध्ये ताकाराझुका नावाची नाटक मंडळी आहे, तिथं उलटं. १९१४ सालापासून तिथं सगळ्या भूमिका बायकाच करतात, राजाही आणि सेनापतीही. रियोको इकेदा या चित्रकथाकार बाईंनी १९७२ साली एक कथा सुरू केली. फ्रान्सच्या राजवाड्यातल्या सैन्याची एक अधिकारी असते, ऑस्कर. बापाला मुलगा हवा होता म्हणून त्यानं तिला मुलासारखी वाढवलेली. मुलगा हवा म्हणून मुलीच्या नशिबी काय काय येतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. ही कथा १९७४ साली ताकाराझुकानं रंगमंचावर आणली. जपानी मुलींनी तिला डोक्यावर घेतलं. ऑस्करचा तो सोनेरी गोंड्यांचा लष्करी कोट पुढं कितीजणींनी शिवला असेल, त्याला गणती नाही.

'कॉस्प्ले' हा शब्द छापून आला १९८३ साली. नोबुयुकी ताकाहाशी नावाच्या लेखकानं एका मासिकात तो वापरला. इंग्रजीत या प्रकाराला जो शब्द होता, त्याचं जपानी भाषांतर केलं की ते जुन्या सरदार-दरकदारांच्या मेजवानीसारखं वाटायचं. म्हणून त्यानं 'कॉस्च्यूम' म्हणजे पोशाख आणि 'प्ले' म्हणजे खेळ, या दोन शब्दांची टोकं जोडली. आणि तो शब्द जगभर गेला.

हा छंद वाढत गेला तसे त्यात घोटाळेही झाले आणि नियमही आले. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या संमेलनात एका हौशी चित्रकारानं कपड्यांऐवजी सगळ्या अंगाला शेंगदाण्याचं लोणी फासलं! दिव्यांच्या उष्णतेनं ते लागलं वितळायला. जो जवळ जाईल त्याचे कपडे खराब, खुर्च्या खराब. त्यानंतर नियमच झाला, की अशी चिकट वस्तू अंगाला लावून यायचं नाही. हसायची गोष्ट आहे, पण नियम शहाणपणाचा आहे. आपल्या हौसेचा डाग दुसऱ्याला लागता कामा नये.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पोशाख केलेल्या मुलींना न विचारता हात लावणं, न विचारता फोटो काढणं, घाणेरडं बोलणं, हे बऱ्याच ठिकाणी चालायचं. मुलींनी त्याविरुद्ध आवाज उठवला. २०१४ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या मेळ्यात ठळक फलक लागले. त्यांचा अर्थ असा, की हिनं पोशाख केलाय म्हणून तिनं तुम्हाला परवानगी दिलेली नाही. फोटो हवा असेल तर आधी विचारा. मैत्रिणींनो, ही गोष्ट फक्त कॉस्प्लेची नाही. जत्रेत, लग्नात, एसटीत, आपल्या पोरींना हेच शिकवायचं आहे. आणि आपल्या पोरांनाही.

आपल्या देशात २०११ साली दिल्लीत चित्रकथांचा पहिला मोठा मेळा, कॉमिक कॉन, भरला. मग मुंबईसारख्या शहरांतही तो भरू लागला. तिथं पोशाख करून येणाऱ्यांत कॉलेजची नि शाळेची मुलं खूप. जपानमधल्या नागोया शहरात २००३ सालापासून कॉस्प्लेचं जागतिक संमेलन भरतं. देशोदेशीचे संघ तिथं येतात. तिथल्या स्पर्धेत पोशाख स्वतःच्या हातानं केलेला असावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडं काय कमी सोंगं आहेत? खरंच आहे. बहुरूपी येतो, पोलीस होऊन दारात उभा राहतो आणि पोरं पळतात. कोकणात दशावतार आहे. नाशिक-पालघरकडच्या आदिवासी पाड्यांवर बोहाड्याचे मुखवटे आहेत. पण बहुरूप्याचं ते पोट आहे, दशावतार नि बोहाडा ही देवाची, गावाची रीत आहे. आणि ही सोंगं पिढ्यान् पिढ्या घेतली ती पुरुषांनी. आपल्या वाट्याला आली मंगळागौरीची रात्र. तिथं आपण सासू होतो, सून होतो, घुमा होतो, आणि उजाडलं की पुन्हा चुलीपाशी. कॉस्प्लेत पोट नाही आणि देवाची रीतही नाही. एखादं पात्र मनापासून आवडलं, एवढंच त्याचं कारण.

हे सगळं वाचून झाल्यावर मला माझीच एक गोष्ट आठवली. लेक चार वर्षांची होती तेव्हा अंगणवाडीत वेशभूषा स्पर्धा होती. मी तिला जिजाऊ केलं होतं. रात्री जागून नऊवारी लहान करून शिवली, पुठ्ठ्याची तलवार केली, सोनेरी कागद चिकटवला. दुसरीत असताना तिला सावित्रीबाई केलं. तेव्हा "सोंगं कसली" असं कुणी म्हटलं नाही. तिच्या वडिलांनी तर दोनशे रुपये देऊन फोटो काढून आणला, तो अजून भिंतीवर आहे. मग आताच असं काय झालं? झालं एवढंच, की तेव्हा पात्र आम्ही निवडलं होतं, आता ते तिनं निवडलं. आम्हाला तिच्या पात्राचं नावही घेता येत नव्हतं, म्हणून राग आला.

काळजी खोटी नाही. अभ्यास आहे, पैसा आहे, मोबाईल आहे. पण त्याला मार्ग आहेत. मी आमच्या घरात ठरवले ते सांगते. आयता पोशाख विकत आणायचा नाही. घरात आहे त्यातून करायचं, आणि कुठल्याही कापडाला कात्री लावण्याआधी विचारायचं. आधी जुन्या वर्तमानपत्रावर माप काढून कागद कापायचा, तो अंगावर लावून बघायचा, मगच कापड किंवा फोम. फोम तापवायचा, गोंद लावायचा, रंग मारायचा, तर अंगणात, मोकळ्या हवेत आणि कुणी मोठं माणूस जवळ असताना. त्याच्या वासानं डोकं चढतं. काम सुट्टीच्या दिवशी. फोटो कुणी काढायचा नि कुणाला पाठवायचा, ते आधी घरात बोलायचं.

गेल्या महिन्यात मी ते पोतं माळ्यावरून काढलं. फोमचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. लेक शाळेतून आली, पोतं बघितलं आणि दारातच थांबली. मी म्हटलं, "ती बाही आण बघू." मुंढा नीट कापलेला नव्हता, म्हणून हात वर केला की सगळा झगा वर यायचा. काखेत चौकोनी तुकडा जोडायचा कसा ते मी तिला दाखवलं. तिनं मला फोमला वाफेच्या इस्त्रीनं बाक कसा द्यायचा ते दाखवलं. मला ते ठाऊक नव्हतं. कापलेल्या खणाचा पट्टा कमरेला छान शोभला. उरलेल्या खणाची मी पिशवी शिवली.

झगा पूर्ण झाला तेव्हा तिला मर्टलची गोष्ट सांगितली. म्हटलं, आतल्या बाजूला, गळ्यापाशी, तुझं नाव दोऱ्यानं घाल. तिनं घातलं. मग सुईत दुसऱ्या रंगाचा दोरा ओवला आणि खाली माझंही नाव घातलं.

तुमच्याही घरात असं एखादं पोतं माळ्यावर गेलं असेल, मैत्रिणींनो. या रविवारी काढून बघा. आणि तुम्ही शिवलेल्या कुठल्या वेशभूषेची आठवण असेल तर आपल्या केंद्रावर येऊन सांगा, आपण ती रेडिओवर ऐकवू. येते मी. नमस्कार.